पाळण्याची दोरी

'जालना, सोने का पालना' ही म्हण आमच्या गावात इतक्यांदा कानावर पडते की तिच्या अर्थाकडे कोणाचे लक्ष जात नाही. गावच्या व्यापाराच्या भरभराटीवरून ती निघाली, हे सर्वश्रुत आहे. परंतु हल्ली महाविद्यालये सुरू होण्याच्या दिवसांत स्थानकावर उभे राहिले म्हणजे मला तिच्यातील सोन्यापेक्षा पाळणाच अधिक आठवतो. नवी गादी, कुलूप लावलेली पेटी, लाडू-चिवड्याचे डबे, आणि त्या पसाऱ्यात अठरा वर्षांचा एक मुलगा किंवा मुलगी. गाडी हलते, मूल जाते, पाळणा रिकामा होतो. येथवर सर्व यथास्थित आहे. माझी तक्रार पुढच्या गोष्टीविषयी आहे. मूल गेले तरी आईबाप पाळण्याची दोरी हातातून सोडीत नाहीत. आणि ही दोरी आता हवी तितकी लांब मिळते.

या आईबापांच्या अवस्थेला एक नावही मिळाले आहे. 'रिकामे घरटे' असे इंग्रजीवरून घेतलेले ते नाव आमच्या सुशिक्षित घरांतून इतके रुळले आहे, की त्याचा उच्चार करताना लोक आवाज थोडा खाली आणतात, जणू वैद्याने काही निदान केले आहे. उपमा घेणाऱ्याने पक्ष्याकडे मात्र नीट पाहिलेले दिसत नाही. घरटे हे पक्ष्याचे घर नव्हे. अंडी उबवून पिले वाढविण्यापुरती केलेली ती तात्पुरती सोय आहे. पिले उडाली की बहुतेक पक्षी स्वतःही ते सोडून जातात. रिकामे घरटे म्हणजे काम फत्ते झाल्याची खूण. आम्ही त्याचा आजार केला, आणि औषध म्हणून पिलाच्या पायाला दोरा बांधला.

माझ्या परिचयाचे एक कारखानदार आहेत. जालन्याच्या एमआयडीसीत त्यांची रोलिंग मिल आहे. भंगार भट्टीत वितळवावयाचे, त्याची बिलेटे ओतावयाची आणि ती लाटून बांधकामाच्या सळ्या काढावयाच्या, हा तो धंदा; आज जालन्याचे नाव दूरवर गेले आहे ते बियाण्यांइतकेच या सळ्यांमुळे. गृहस्थ सज्जन आहेत, उद्योगी आहेत. चिरंजीव पुण्यास अभियांत्रिकी शिकतात. एकदा त्यांच्या कचेरीत बसलो असता त्यांनी मोठ्या कौतुकाने आपला मोबाईल माझ्यापुढे धरला. बोटाने पडदा सरकवला की भट्टीवरच्या कॅमेऱ्यातले दृश्य. पुन्हा सरकवला की पुण्याचा नकाशा, आणि नकाशावर एक निळा ठिपका. "हा आमचा मुलगा. आता वर्गात आहे." थोड्या वेळाने ठिपका हलला. तास संपावयाला अवकाश होता. गृहस्थांची मुद्रा पालटली, त्यांनी तत्काळ फोन लावला, आणि एका कप चहाबद्दल अठरा वर्षांच्या माणसाने दिलेला जबाब मला त्या खोलीत बसून ऐकावा लागला.

1875 च्या कायद्याने अठरा वर्षांचा मनुष्य सज्ञान आहे. 1989 पासून त्या वयाला मताचा अधिकार आहे. दिल्लीचे सरकार ठेवावे की घालवावे हे ठरविण्याची अक्कल राज्यघटनेने ज्याला दिली, त्याने तास बुडवून चहा प्यावा की नाही याचा निकाल मात्र जालन्याहून व्हावयाचा! आणि हे उदाहरण अपवादात्मक मानू नये. वसतिगृहातील पालकांचे व्हॉट्सॲप गट कोणी पाहावेत. आज खानावळीत भेंडी कच्ची होती, या विषयावर तीन जिल्ह्यांतील चाळीस प्रौढ माणसे रात्री अकरापर्यंत चर्चा करीत असतात. काही माता तर आणखी पुढे जातात. लातुरास शिकवणीसाठी मुलगा ठेवला की त्याच्यामागे स्वतः भाड्याच्या खोलीत जाऊन राहतात. इकडे नवरा डब्यावर, तिकडे मुलगा आईच्या डोळ्यांसमोर. याला त्याग म्हणण्याची पद्धत आहे. ज्याच्यासाठी हा त्याग, त्याला तो नको असे म्हणण्याची सोय ठेवलेली नसते.

मी हे उंचावरून बोलत नाही. तीन वर्षांपूर्वी माझी मुलगी मुंबईस शिकावयास गेली. रोज रात्री साडेनऊला मी फोन करीत असे. प्रश्न ठरलेले: जेवलीस का, अभ्यास झाला का, खोलीवर किती वाजता आलीस. उत्तरेही ठरलेली. या नियमितपणाबद्दल मी मित्रमंडळींत थोडीशी प्रौढीही मिरविली होती. दिवाळीच्या सुटीत तिची मैत्रीण आमच्याकडे आली. बोलता बोलता तिच्या तोंडून निघून गेले, की सप्टेंबरात माझी मुलगी चार दिवस तापाने अंथरुणास खिळली होती, डेंग्यूच्या शंकेने रक्त तपासावे लागले, आणि रात्री उशाशी बसण्याच्या पाळ्या मैत्रिणींनी लावून घेतल्या होत्या. त्या चारही रात्री साडेनऊला ती माझ्याशी हसून बोलली होती. 'जेवले' म्हणाली होती. मी कारण विचारले तेव्हा ती रागावली नाही, रडलीही नाही. म्हणाली, "बाबा, तुम्हांला सांगितलं असतं तर तुम्ही रात्रीच्या गाडीनं आला असता. मग मला तापाबरोबर तुम्हांलाही सांभाळावं लागलं असतं."

शिक्षकाच्या धंद्यात मी तीस वर्षे घालविली. इतके स्वच्छ उत्तर कोणत्याही परीक्षेत वाचल्याचे मला स्मरत नाही.

मी स्वतः 1988 साली पुण्यास गेलो, तेव्हा जालन्याहून मनमाडपर्यंत मीटरगेजची गाडी होती आणि तेथे उतरून दुसरी पकडावी लागे. वडिलांचे पंधरा दिवसांनी एक अंतर्देशीय पत्र येई. त्यात निम्मा मजकूर पावसाचा आणि कापसाच्या भावाचा. पहिल्या वर्षी एका विषयात मी नापास झालो, हे मी त्यांना पत्रानेच कळविले. ते पत्र चार दिवस वाटेत होते. तेवढ्यात मी पुन्हा अभ्यासाला बसलो होतो, आणि उत्तर लिहिण्यापूर्वी राग गिळावयास त्यांनाही सवड मिळाली. जुन्या काळाचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. त्या पत्रांत आईचे अक्षरही नसे, कारण तिला लिहिता येत नव्हते. तिने त्या चार वर्षांत काय सोसले ते मला आजतागायत ठाऊक नाही. परंतु एक गोष्ट खरी, की पंधरा दिवसांच्या त्या एका पत्रात मी जितके खरे लिहिले, तितके माझ्या मुलीने शंभर फोनांत मला सांगितले नाही. दोष तिचा नव्हे.

येथे कोणी म्हणेल, काळ कठीण आहे. वसतिगृहांतून छळ होतो, मुले निराशेने जीवाचे बरेवाईट करून घेतात, आणि आपण पालकांना स्वस्थ बसावयास सांगता? हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. छळाच्या प्रतिबंधासाठी महाराष्ट्राला 1999 साली स्वतंत्र कायदा करावा लागला, त्या अर्थी धोका काल्पनिक नाही. पण धोका खरा आहे म्हणूनच माझे म्हणणे अधिक खरे आहे. संकटात सापडलेल्या मुलाने घरी सांगावे, अशी आपली इच्छा ना? मग चहाच्या कपासाठी ज्याला जबाब द्यावा लागतो, तो छळाची हकीकत सांगेल काय? त्याला पक्के माहीत असते, की सांगितले की वडील गाडीत बसतील, आई अन्न सोडील, आणि शेवटी आपले शिक्षणच बंद होईल. तो गप्प राहतो. नकाशावरचा ठिपका खोलीतच असतो, आणि खोलीत काय चालले आहे ते ठिपका सांगत नाही.

आमच्या पूर्वजांना ही ताटातूट सोसण्याची रीत अवगत होती. मुंजीत मातृभोजन असते. मुलगा आईबरोबर एका ताटात जेवतो, आणि त्यानंतर तो गुरूचा. आईच्या दुःखाला त्या विधीत मानाची जागा होती, आणि त्या दुःखाची सीमाही तेथेच आखलेली होती. आज मातृभोजनाचे छायाचित्र निघते, अर्थ निघत नाही. अर्थात ही रीत मोजक्या घरांतल्या मुलग्यांपुरती होती, हे विसरून चालणार नाही. मुलींच्या बाबतीत समाजाचे मन कधीच हळवे नव्हते. 1929 चा शारदा कायदा होईपर्यंत आठनऊ वर्षांच्या पोरींची लग्ने सर्रास लागत, आणि त्या कायद्यानंतरही बंद पडली नाहीत. सासरी गेलेल्या त्या पोरी जेवल्या की नाही, हे विचारणे माहेरच्यांना मर्यादेचा भंग वाटे. त्याच समाजाला आज अठरा वर्षांची मुलगी रसायनशास्त्र शिकावयास गेली की झोप येत नाही! मुलगी परक्या घरी गेली तर चालते. स्वतःच्या पायावर गेली की काळजी.

आमच्याच जिल्ह्यातील जांब हे समर्थांचे जन्मगाव. बाराव्या वर्षी बोहल्यावरून निघालेला तो मुलगा बारा वर्षे नाशिकजवळ टाकळीस तपाला बसला, आणखी बारा वर्षे देश हिंडला, आणि परत आला तेव्हा आईची, राणूबाईची, दृष्टी गेली होती, असे परंपरा सांगते. न सांगता जाण्याचा कित्ता कोणी गिरवू नये. मी मुलांना ते शिकविणार नाही. कीर्तनकार त्या भेटीच्या प्रसंगावर श्रोत्यांना रडवितात. माझे मन त्याच्या पुढच्या प्रसंगाशी अडते. चोवीस वर्षांनी हाती आलेला मुलगा पुन्हा जावयास निघाला, आणि या वेळी त्या मातेने त्याला जाऊ दिले. पुढले सारे कृष्णाकाठचे कार्य त्या दुसऱ्या निरोपानंतरचे आहे.

आता पुन्हा एमआयडीसीकडे वळू. ज्या भट्टीचे दृश्य कारखानदारांच्या मोबाईलवर दिसते, तिच्यापुढे बिहार आणि उत्तर प्रदेशातून आलेले अठरा-वीस वर्षांचे मुलगे उभे असतात. त्यांच्याही आया गावी बसलेल्या आहेत. त्यांच्या घरट्यांविषयी कोणी व्याख्यान ठेवल्याचे माझ्या ऐकिवात नाही. आणि याच औद्योगिक क्षेत्राच्या वाढीव भागात, छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्यावर, मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीने 2018 पासून मराठवाड्यासाठी आपले शिक्षणकेंद्र चालविले आहे. दूरदूरच्या गावांतील मुले तेथे येतात. म्हणजे आमची मुले गेली म्हणून आम्ही ज्या गावात कण्हत बसतो, त्याच गावात दुसऱ्यांची मुले येऊन उतरली आहेत. या शहरातील किती रिकाम्या घरांनी त्यांतील एकाला तरी जेवावयास बोलाविले? वार लावून जेवण्याची चाल महाराष्ट्रात होती. परगावच्या गरीब विद्यार्थ्याला सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी. त्या चालीत जातीची कुंपणे होती आणि पुष्कळदा अपमानही होता. ती जशीच्या तशी आणावी असे मी म्हणत नाही. परंतु मूल गेल्यावर दोन पोळ्या उरतात, त्या कोणाच्या, हा प्रश्न त्या लोकांना पडत नसे.

आमच्या घरात त्या पोळ्या जवळजवळ वर्षभर उरत होत्या. एकोणीस वर्षे पहाटे पाचला उठून डबा करणाऱ्या बाईचा हात एका दिवसात कसा आवरावा? तिच्या दुःखाची थट्टा मी करणार नाही. तिने पंधरा दिवस उघड रडून घेतले, आणि मग ती हिंडूफिरू लागली. मी रडलो नाही. मी साडेनऊचा फोन लावीत राहिलो. माझा अनुभव असा, की या बाबतीत बाप आईपेक्षा अधिक दुराग्रही असतात, कारण आपल्याला काही दुखते आहे हे कबूल करण्याऐवजी ते देखरेख सुरू करतात.

गेल्या वर्षापासून त्या केंद्रातली एक मुलगी रविवारी आमच्याकडे जेवावयास येते. पत्नीने तिला बाजारात गाठले, कसे ते मला नीट सांगत नाही. माझ्या मुलीचा फोन आता तिच्या सवडीने येतो. कधी आठ दिवसांनी, कधी दहा. मागच्या रविवारी आम्ही तिघे पानावर बसलो होतो, तोच त्या पाहुण्या मुलीचा मोबाईल वाजला. तिचे वडील होते. "हो पप्पा, जेवतेय," ती म्हणाली, आणि मग काही वेळ नुसतीच हूं हूं करीत राहिली. मी पत्नीकडे पाहिले. तिने माझ्याकडे न पाहता आमटी वाढली.