ऊब हवी, धूर नको

पुण्या-नागपूरकडून बदली होऊन दिल्लीत आलेल्या कुटुंबाला पहिला हिवाळा चांगलाच लक्षात राहतो. डिसेंबरच्या अखेरीस धुके उतरते, दुपारी बारापर्यंत सूर्य दिसत नाही आणि फरशीवर अनवाणी पाय ठेववत नाही. १ जानेवारी २०२१ रोजी सफदरजंगच्या वेधशाळेत पारा १.१ अंशावर उतरला होता. महाबळेश्वरची थंडी अनुभवलेल्या माणसालाही हे जड जाते, कारण इथली घरे बांधली आहेत ती मे-जूनच्या उन्हाळ्याच्या धास्तीने. उंच छत, दगडी फरशी, मोठ्या खिडक्या, आणि धुराडे मात्र कुठेच नाही.

धुराडे नाही ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण सगळी मेख तिथेच आहे. थंडी वाढली की शेगडीत कोळसे पेटवून ती खोलीत घ्यायची, दारे-खिडक्या घट्ट लावायच्या आणि झोपी जायचे, ही उत्तरेकडची जुनी रीत. कोळसा धुमसताना कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला ना रंग ना वास. झोपलेला माणूस झोपेतच जातो. २०२४ च्या जानेवारीत एकाच रविवारी दिल्लीत दोन ठिकाणी अशी सहा माणसे दगावली, खेडा कलान गावात चार आणि इंद्रपुरीत दोन. दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात आणि दर हिवाळ्यात शेगड्या पुन्हा आत जातात.

अलीकडे काही घरांत, विशेषतः गुरुग्राम, फरिदाबाद, नोएडाच्या बाजूला अंगण किंवा गच्ची असलेल्या घरांत, ‘लाकडी पेलेटची शेगडी घेतली तर?’ असा विचार होऊ लागला आहे. विचार वाईट नाही. पण दुकानदार शेगडीचे गुण सांगतो आणि पेलेटविषयी फारसे बोलत नाही. खरे तर शेगडी एकदाच घ्यायची असते, पेलेट मात्र दरवर्षी.

पेलेट म्हणजे भुशाची दाबून केलेली कांडी. ६ किंवा ८ मिलिमीटर जाडीची, बोटाच्या पेराएवढी किंवा थोडी लांब. करवतीचा भुसा वाळवून, दळून, भोके असलेल्या पोलादी साच्यातून मोठ्या दाबाने ढकलला की तो तापतो, लाकडातले लिग्निन मऊ होते आणि तेच डिंकाचे काम करते. वेगळा गोंद लागत नाही. १९७३ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेत या इंधनाला चालना मिळाली, पुढे युरोपातील थंड देशांत ते घरोघर पोचले. त्यासाठीच्या शेगडीत वरच्या पेटीत कांड्या भरतात. मळसूत्रासारखा दांडा त्या थोड्या थोड्या जाळपात्रात ढकलतो, पंखा हवा पुरवतो आणि धूर नळीतून घराबाहेर जातो. हवा भरपूर मिळाल्याने ज्वाला स्वच्छ जळते. धूर बाहेर जातो म्हणूनच ही शेगडी घरात चालते. तीच कांडी उघड्या शेगडीत टाकून खोलीत पेटवली तर ती कोळशाइतकीच घातक. तेव्हा नळी भिंतीतून बाहेर काढायला जागा नसेल, शेजाऱ्याच्या खिडकीखाली ती उघडणार असेल, तर हा बेत तिथेच सोडावा. सहाव्या मजल्यावरच्या सदनिकेत रजई आणि विजेचा हीटरच बरा.

कायद्याचीही चौकशी करावी लागते. हवा गुणवत्ता व्यवस्थापन आयोगाने २०२२ मध्ये राजधानी परिसरासाठी मान्य इंधनांची यादी ठरवली आणि १ जानेवारी २०२३ पासून औष्णिक वीजकेंद्रे वगळता कोळशावर बंदी आली. दिल्लीच्या हद्दीतील यादी बाहेरच्या जिल्ह्यांपेक्षा आखूड आहे. हवा फार बिघडली की निर्बंध आणखी कडक होतात. रहिवासी संघांनी पहारेकऱ्यांना विजेचे हीटर द्यावेत म्हणजे ते फाटकापाशी काटक्या-कचरा जाळणार नाहीत, असाही नियम आहे. आपल्या घराचा पत्ता कोणत्या हद्दीत येतो आणि तिथे काय चालते, हे पैसे मोजण्यापूर्वी विचारून घेणे शहाणपणाचे.

दुसरी चौकशी पेलेट देणाऱ्याची. महाराष्ट्राने हा धडा एकदा घेतला आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या साहाय्याने तयार झालेली, पंख्यावर चालणारी ‘ऊर्जा’ नावाची चूल २००६ पासून बीपी कंपनीने बाजारात आणली. पुढे हा व्यवसाय पुण्याच्या फर्स्ट एनर्जीकडे गेला. महाराष्ट्र, कर्नाटक, तमिळनाडूत मिळून सुमारे चार लाख चुली खपल्या. ती स्वयंपाकाची चूल होती, ऊब देणारी नव्हे, पण इंधन हेच, शेतातल्या उरल्यासुरल्या काडीकचऱ्याच्या कांड्या. बायकांना ती आवडली, धूर कमी झाला. मग कच्चा माल महागला, पेलेटचे भाव चढले, पुरवठा विस्कळीत झाला आणि हजारो घरांत चूल माळ्यावर गेली. चूल बिघडली नव्हती, तिच्या पोटात घालायला काही परवडेना.

आज दिल्लीच्या आसपास पेलेटला मोठे गिऱ्हाईक आहे. दादरीच्या एनटीपीसी केंद्रात २०१७ मध्ये कोळशाबरोबर पेलेट जाळून पाहिले गेले. त्यानंतर केंद्र सरकारने वीजकेंद्रांना आधी पाच टक्के, पुढे सात टक्के पेलेट वापरण्याचे बंधन घातले. शेतात पेंढा पेटवून हवा खराब होऊ नये हा हेतू चांगला. पण जिथे आगगाडीच्या वाघिणीने माल उचलणारे गिऱ्हाईक उभे आहे, तिथे दोन पोती मागणाऱ्या गृहिणीकडे कोण लक्ष देणार? शेगडी घेण्याआधी, हंगामभर लहान पोत्यांत माल देईल असा दुकानदार आधी नक्की करावा.

शिवाय वीजकेंद्राचा पेलेट आणि घरचा पेलेट एक नव्हे. वीजकेंद्राकडे जातो तो बहुधा भाताच्या पेंढ्याचा किंवा शेतातल्या इतर काडीकचऱ्याचा. भाताच्या पेंढ्यात वाळूचाच अंश असतो. शंभर किलो जाळले तर पंधरा किलो किंवा त्याहूनही अधिक राख उरते. ती नुसती राख राहत नाही, आचेने वितळून तिचे विटभट्टीच्या खंगरासारखे गोळे होतात आणि जाळपात्राची भोके बुजवतात. घरच्या लहान शेगडीला हे झेपत नाही. शुद्ध लाकडाच्या उत्तम प्रतीच्या पेलेटमध्ये आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे राख शंभर किलोंमागे ७०० ग्रॅमपेक्षा जास्त नसावी आणि ओलावा दहा टक्क्यांच्या आत असावा. भुईमुगाच्या टरफलाचा किंवा मोहरीच्या काडाचा पेलेट यांच्या अधेमधे बसतो. स्वस्त मिळतो, पण शेगडी दररोज साफ करण्याची तयारी हवी.

भुसा कुठला, हेही विचारावे. हरियाणातील यमुनानगर हे प्लायवूडचे मोठे केंद्र आहे आणि दिल्लीत कीर्तीनगरला फर्निचरचा प्रचंड बाजार. तिथला सगळाच भुसा निव्वळ लाकडाचा नसतो. प्लायवूडच्या कातरणांत रासायनिक गोंद असतो, जुन्या लाकडावर रंग आणि पॉलिश असते. अशा पेलेटचा धूर विषारी. पोते उघडल्यावर ताज्या लाकडासारखा वास यावा. गोंदाचा, रंगाचा किंवा कुबट वास आला तर माल परत करावा, मग दुकानदार काहीही सांगो.

घरी करण्याजोग्या परीक्षा सोप्या आहेत. चांगली कांडी बाहेरून गुळगुळीत, थोडी चकाकणारी असते. दोन बोटांत धरून मोडली तर कट्कन आवाज होतो. वाकून भुगा झाली तर ती ओली किंवा कच्ची. पेलाभर पाण्यात चार कांड्या टाकाव्यात. घट्ट दाबलेली कांडी लगेच तळाला जाते आणि मग फुगून विरघळते. तरंगत राहिली तर दाब कमी पडला. पोत्याच्या तळाचा भुगा तर पाहावाच. पंधरा किलोंच्या पोत्यात वाटी-दोन वाटी भुगा निघाला तर चालेल, सूपभर निघाला तर नाही. भुगा दांड्यात अडकतो आणि जाळपात्रात नीट जळत नाही. कांड्यांची लांबीही बघावी. चार सेंटिमीटरपेक्षा लांब कांड्या पेटीच्या तोंडाशी एकमेकींत अडकून पूल करतात आणि शेगडी विझते. पहिल्यांदा घेताना एकच पोते आणावे, आठवडाभर जाळून राख, काजळी पाहावी आणि मगच हंगामाचा माल सांगावा.

हंगामाचा माल म्हणजे किती? दिल्लीतली खरी कडक थंडी साधारण दीड महिन्याची, डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या अखेरपर्यंत. एक खोली तापवणारी शेगडी मध्यम आचेवर तासाला सुमारे एक किलो पेलेट खाते आणि दोन किलोवॅटच्या जवळजवळ दोन हीटरांइतकी ऊब देते. संध्याकाळचे चार तास धरले तर दिवसाला चार किलो, ४५ दिवसांचे १८० किलो. दोनशे लिटरच्या लोखंडी पिंपात १३० किलोंच्या आसपास मावतात, म्हणजे दोन पिंपे पुरे. स्वस्त मिळाले म्हणून टनभर आणून ठेवणे हा तोट्याचा सौदा, कारण उरलेला माल पावसाळ्यात सापडतो.

पेलेटचा खरा शत्रू ओल. लाकडाचे ओंडके भिजले तर वाळवता येतात. पेलेट भिजला की पुन्हा भुसा होतो आणि उन्हात कितीही ठेवला तरी त्याची कांडी होत नाही. म्हणून खरेदी पाऊस सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात करावी. पोती थेट फरशीवर ठेवू नयेत. विटांवर फळी टाकून त्यावर ठेवावीत आणि भिंतीपासून हातभर दूर. दिल्लीच्या जुन्या क्वार्टरांच्या भिंतींना ओल चढते हे तिथे राहिलेल्या प्रत्येकीला ठाऊक आहे. पावसापेक्षाही फसवे असते ते जानेवारीचे धुके. पाऊस नाही म्हणून पोते गॅलरीत उघडे ठेवले तर रात्रभरात वरच्या कांड्या दमट होतात. पोते फोडले की माल झाकणाच्या पिंपात ओतावा. काढायला कोरडे भांडे वापरावे, भांडी घासताना मध्येच उठून ओल्या हाताने नव्हे. उंदीर पेलेट खात नाहीत, पण पोते कुरतडतात आणि मग त्यातून ओल शिरते. जुना माल आधी संपवावा. पिंप शेगडीपासून निदान मीटरभर दूर हवे.

झोपण्याच्या खोलीत पलंगाखाली पोती सरकवण्याचा मोह जागा कमी असलेल्या घरात होणारच. तो आवरावा. पेलेट पेटवले नाहीत तरी त्यातील तेलकट द्रव्यांचा हवेशी संयोग होऊन थोडा थोडा कार्बन मोनॉक्साइड निघत असतो. स्वीडनच्या हेलसिंगबोर्ग बंदरात २००६ मध्ये पेलेट भरलेल्या जहाजाच्या कोठाराशेजारील बंद जिन्यात उतरलेला एक खलाशी यामुळे मरण पावला. तिथे हजारो टन माल होता, घरच्या दोन पिंपांची गोष्ट वेगळी. तरी पिंपे हवेशीर जागीच असावीत, छप्पर असलेल्या व्हरांड्यात किंवा गच्चीवरच्या बरसातीत. बरेच दिवस बंद असलेले झाकण काढून लगेच आत डोके घालू नये, आणि मुलांना तिथे लपाछपी खेळू देऊ नये. शेगडीच्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे बॅटरीवरचे यंत्र बसवावे. सर्वसाधारण धुराचा भोंगा हे काम करत नाही.

वीज गेली की पंखा थांबतो आणि जाळपात्रातल्या उरलेल्या कांड्या धुमसू लागतात. इन्व्हर्टरवर शेगडीचा पंखा चालेल अशी सोय पहिल्याच दिवशी करून घ्यावी, नाहीतर त्या वेळी खिडकी उघडून खोलीबाहेर यावे. राख लगेच प्लास्टिकच्या बादलीत टाकू नये. वरून थंड दिसली तरी आत निखारा दिवसभर जिवंत राहतो. पत्र्याच्या, झाकणाच्या डब्यात ती एक दिवस अंगणात ठेवावी. निव्वळ लाकडाच्या पेलेटची असेल तर मूठभर राख गुलाबाच्या कुंड्यांना चालते, प्लायवूडची असेल तर मुळीच नाही.

फेब्रुवारी सरता सरता पेटी पूर्ण रिकामी करावी, कारण दांड्यात राहिलेल्या कांड्या पावसाळ्यात फुगून सिमेंटसारख्या घट्ट बसतात. नळी झाडून तिच्या बाहेरच्या तोंडाला जाळी बांधावी, नाहीतर मार्चमध्ये चिमणी तिथे घरटे करते. पिंपात पाच-दहा किलो उरले असतील तर होळीत टाकू नयेत. शेजारी दुसरी शेगडी असेल तर तिथे द्यावेत, आणि पिंपे धुऊन उन्हात पालथी घालावीत.