‘स्कोप’ कशाला आहे, हे विचारण्याआधी...

कॅप राउंडचे पर्याय भरताना, इलेक्टिव्ह निवडताना, फायनल इयरच्या प्रोजेक्टचा विषय ठरवताना तुम्ही एक प्रश्न हमखास ऐकला असेल, ‘याला स्कोप आहे का रे?’ सध्या उत्तर एआय असतं. तुम्ही पास आउट होईपर्यंत ते वेगळंही असू शकेल. म्हणजे ज्या उत्तरावर तुम्ही चार वर्षं लावताय, त्याची खात्री कुणीच देत नाही. माझं म्हणणं एवढंच, की स्कोपच्या मागे धावण्याआधी एका प्रोफेसरांचं करिअर बघा.

थॉमस कैलाथ. जन्म १९३५, पुण्यातल्या एका मल्याळी कुटुंबात. शाळा सेंट व्हिन्सेंट्स. १९५६ मध्ये पुण्याच्या इंजिनीअरिंग कॉलेजातून, म्हणजे आपल्या सीओईपीतून, टेलिकम्युनिकेशनमध्ये बी.ई. मग अमेरिकेत एमआयटी. तिथून इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंगची डॉक्टरेट मिळवणारे ते भारतात जन्मलेले पहिले विद्यार्थी, साल १९६१. १९६३ मध्ये ते स्टॅनफर्डमध्ये रुजू झाले आणि तिथलेच झाले. पुढे आपल्याकडून पद्मभूषण, अमेरिकेकडून नॅशनल मेडल ऑफ सायन्स.

इथपर्यंतची गोष्ट तुम्ही दहा जणांबद्दल ऐकली असेल. खरी गंमत पुढे आहे. हे सर एका विषयात टिकलेच नाहीत! साठच्या दशकात त्यांनी इन्फर्मेशन थिअरी आणि कम्युनिकेशनवर काम केलं. सत्तरच्या दशकात ते कंट्रोल आणि लिनिअर सिस्टिम्सकडे वळले. १९८० मध्ये त्यावरचं त्यांचं जाडजूड पुस्तक आलं. ऐंशीच्या दशकात चिप डिझाइन आणि अनेक अँटेनांनी मिळून सिग्नल टिपण्याचं शास्त्र. नव्वदच्या दशकात थेट चिपनिर्मिती: प्रकाशाने सिलिकॉनवर रेषा उमटवायच्या, त्याही त्या प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा बारीक. तोवर सरांनी पन्नाशी ओलांडली होती.

आपल्याकडे याला ‘धरसोड’ म्हणतात. मग इथे ती धरसोड का ठरली नाही? कारण त्यांनी प्रश्न बदलले, हत्यारं बदलली नाहीत. मेट्रिसेस, प्रोबॅबिलिटी, लिनिअर अल्जिब्रा हा ऐवज घेऊन ते प्रत्येक नव्या दारात गेले. त्यांची १९६८ मधली एक कल्पना बघा. गोंगाटातून खरा सिग्नल शोधायचाय. प्रत्येक नवं मोजमाप येण्याआधी ते किती येईल, याचा अंदाज बांधा. आलेल्या आकड्यातून तो अंदाज वजा करा. जे उरतं, तीच खरी नवी माहिती. बाकीचं तुम्हाला आधीच ठाऊक होतं. या एका विचाराने फिल्टरिंगची बरीच किचकट गणितं सोपी झाली.

आता आपल्याकडे या। गणिताची किंमत काय? एम-थ्री म्हणजे केटी लागणारा पेपर. आदल्या रात्री पाच युनिटपैकी तीन करायची, स्टेप्सचे मार्क मिळवायचे आणि निकाल लागला की विसरायचं. यात सगळा दोष तुमचा नाही. डेरिव्हेशन कशासाठी आहे, हे न सांगता फळ्यावर उतरवून देणारे वर्ग आपण सगळ्यांनीच पाहिलेत. पण नुकसान तुमचंच होतं. टूल शिकायला तीन महिने पुरतात आणि ते जुनंही तितक्याच लवकर होतं. पाया कच्चा असेल तर दर वेळी शून्यापासून सुरुवात करावी लागते.

आणखी एक गोष्ट. कैलाथ नव्या विषयात एकटे शिरले नाहीत. त्यांच्या हाताखाली सुमारे ८० जणांनी पीएच.डी. केली. भारतीय नौदलातून आलेले आरोग्यस्वामी पॉलराज त्यांच्या ग्रुपमध्ये दाखल झाले. एकाच वेळी अनेक अँटेनांमधून डेटा पाठवण्याच्या कल्पनेचं पेटंट या दोघांना १९९४ मध्ये मिळालं. आज तुमच्या फोनमधलं फोर-जी आणि वाय-फाय त्याच मायमो तंत्रावर चालतं. नवा विषय शिकायचा असेल तर सोबत माणसं लागतात, हे प्रोफेसर झाल्यावरही ज्याला कळतं तो पुढे जातो.

तुम्ही म्हणाल, ‘सर, त्यांच्यामागे स्टॅनफर्ड होतं, कायमची नोकरी होती. आमच्यामागे एज्युकेशन लोनचा हप्ता आहे.’ अगदी बरोबर. कॅम्पसला आलेली पहिली नोकरी घ्या, त्यात काहीही कमीपणा नाही. स्कोप बघून घेतलीत तरी चालेल. पण ज्याच्याकडे आधार कमी, त्यालाच पाया जास्त लागतो. ती नोकरी गेली किंवा ते टूल बाद झालं, तर तुम्हाला सांभाळायला कुठलंही स्टॅनफर्ड येणार नाही.

म्हणून या सेमिस्टरला एकच करा. मूलभूत असा एक विषय निवडा, लिनिअर अल्जिब्रा असो, प्रोबॅबिलिटी असो वा सिग्नल्स. त्यातलं एक डेरिव्हेशन पुस्तक मिटून स्वतःच्या हाताने सोडवा. जिथे अडाल तिथे मित्राला विचारा, सरांच्या केबिनचं दार वाजवा. परीक्षेत ते येईल की नाही, याचा विचार त्या दिवसापुरता सोडा.