हँडल कुणाच्या हाती?

आमच्या होस्टेलमध्ये रोज रात्री साडेअकराच्या सुमाराला एक तरी नवी कंपनी जन्माला येते. बहुतेक कंपन्या मॅगी संपेपर्यंत टिकतात, एखादी सकाळच्या पहिल्या लेक्चरपर्यंत. पण गेल्या सेमिस्टरला जन्मलेली एक कंपनी चांगली महिनाभर टिकली, कॉलेजच्या बिझनेस प्लॅन स्पर्धेत उतरली आणि तिने माझी झोपही घालवली. म्हणून हा लेखाचा खटाटोप.

कल्पना अशी: माथेरानला जाड टायरच्या छोट्या इलेक्ट्रिक गाड्या न्यायच्या. पुढे एक गाइड, मागे हेल्मेट घातलेले आठ-दहा पर्यटक, दोन तासांत दहा पॉइंट. धूर नाही, आवाज नाही, म्हणजे पर्यावरणवालेही खूश. "अरे, तिथे मोटारीला बंदी आहे, म्हणजे कॉम्पिटिशनच नाही!" असं आमच्या भावी एमडीने जाहीर केलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मग अंथरुणावर पडल्यावर मला सेकंड इयरची ट्रिप आठवली.

नोव्हेंबर २०२३. सबमिशन नुकतंच संपलेलं. नेरळहून शेअर टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत गेलो. तिथून पुढे मोटार जात नाही. मिनी ट्रेन, घोडा, हातरिक्षा किंवा आपले दोन पाय! आम्ही अर्थातच पाय निवडले, कारण ते फुकट होते. दुपारपर्यंत गुडघ्यापर्यंत लाल झालो. लुईझा पॉइंटवरून परतताना आमच्या ग्रुपमधल्या 'पैलवान' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नव्वद किलोच्या प्राण्याचा पाय दगडावरून सटकला आणि घोटा बघता बघता सुजला. नव्वद किलो उचलणार कोण? शेवटी हातरिक्षा बोलावली.

ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोन चाकं, एक सीट, पुढे लांब हँडल. पुढे एक माणूस ओढतो आणि मागून दोघे ढकलतात. पुढचे काका माझ्या वडिलांच्या वयाचे असतील. पैलवान वरमला. "काका, मी उतरतो, हळूहळू चालतो," म्हणाला. काका म्हणाले, "बसून राहा गप. उतरून पाय आणखी सुजवून घेशील. आणि तू उतरलास तर मी घरी काय नेऊ?"

मी रिक्षेच्या बाजूने चालत होतो. काका चालता चालता माहिती देत होते. हे शार्लोट लेक, गावाचं पाणी इथलं. ते पिसारनाथाचं देऊळ. ही जांभळीची झाडं. तो बघा शेकरू, खारीचा मोठा भाऊ, वर बघा! आमच्यापैकी कुणाला काही दिसलं नव्हतं, त्यांना मान खाली घालूनही दिसलं. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. चढ आला की माहिती बंद व्हायची. सपाटी आली की दोन श्वास घेऊन पुन्हा चालू. चढावर फक्त तीन माणसांच्या धापा ऐकू यायच्या. त्या धापांना सीटवर बसलेल्या पैलवानाकडे आणि बाजूने रिकाम्या हाताने चालणाऱ्या माझ्याकडे काहीच उत्तर नव्हतं.

बाजारपेठेत पोचल्यावर मी विचारलं, "काका, इथे ई-रिक्षा सुरू झाल्या होत्या ना?" ते म्हणाले, "आल्या होत्या. तीन महिने चालल्या, मार्चमध्ये थांबल्या. यायलाच पाहिजेत परत. पण आमच्या हातात आल्या पाहिजेत."

आमच्या बिझनेस प्लॅनमध्ये नेमकं हेच वाक्य नव्हतं.

आता आपण इंजिनीअर (होऊ घातलेले!) आहोत, तर जरा आकडेमोड करू. रिक्षा आणि पैलवान मिळून दोनशे किलो धरू. चढ दहाला एक धरू. मोकळ्या मातीवर चाक फिरवण्याचा विरोध वजनाच्या पाच टक्के धरू. म्हणजे साधारण तीनशे न्यूटन जोर सतत लावायचा. सेकंदाला एक मीटर, म्हणजे अगदी रमतगमत चालायचं म्हटलं तरी तीनशे वॅट झाले. तिघांत वाटले तर प्रत्येकी शंभर. त्यात स्वतःचं शरीर चढवायचे साठेक वॅट मिळवा. धडधाकट माणूस दिवसभर टिकेल अशा बेताने काम करतो तेव्हा साधारण पंच्याहत्तर वॅट देतो, असं पुस्तकात वाचून आपण मार्क मिळवतो. इथे पन्नाशीचा माणूस चढावर त्याच्या दुप्पट देतो. चढावर त्यांची माहिती का बंद व्हायची, ते आता कळलं असेल.

म्हणून माझं पहिलं मत स्पष्ट आहे. माणसाने माणसाला ओढणं बंद झालंच पाहिजे. "ती तिथली परंपरा आहे, पर्यटकांना मजा वाटते" असलं काही मला पटत नाही. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी माथेरान 'शोधलं' म्हणतात, १९०७ मध्ये आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने डोंगरावर रेल्वे चढवली. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी दोन फुटी रुळांवर इंजिन चढू शकलं, आणि आपल्याला एका सीटला मोटर बसवता येत नाही?

सर्वोच्च न्यायालयालाही ते पटलं नाही. २००३ मध्ये माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झालं आणि वाहनबंदी आणखी पक्की झाली. मे २०२२ मध्ये न्यायालयाने ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर चालवायला परवानगी दिली. त्या डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाल्या. पुढे थांबल्या, पुन्हा आल्या, वीस गाड्यांची मर्यादा आली. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने सांगितलं की हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, आणि ई-रिक्षा खऱ्या हातरिक्षाचालकांना भाड्याने द्या. त्यासाठी गुजरातमधल्या केवडियाचं उदाहरण दिलं. तिथे स्टॅच्यू ऑफ युनिटीच्या परिसरात स्थानिक आदिवासी महिला ई-रिक्षा चालवतात. म्हणजे रिक्षावाले काका जे एका वाक्यात बोलले, तेच न्यायालयाने निकालात लिहिलं.

मग आमच्या जाड टायरच्या गाड्यांचं काय? एमडीचं म्हणणं, "इलेक्ट्रिक आहे ना, मग कुणाला त्रास?" याचं उत्तर माथेरानात शोधायची गरज नाही. २००१ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत डीन केमेन यांनी सेगवे नावाची दोन चाकांची, आपली आपण तोल सांभाळणारी गाडी लोकांसमोर आणली. आपल्या कंट्रोल सिस्टिम्सच्या सरांचं आवडतं उदाहरण! शहरांची वाहतूक बदलून टाकण्याचं तिचं स्वप्न पुरं झालं नाही. पण जगभरच्या जुन्या शहरांत गाइडबरोबर फिरायला ती फार चालली. पुढे गाइड, मागे पर्यटकांची माळ, अगदी आमच्या प्लॅनसारखी. खडबडीत वाटांसाठी जाड टायरचं मॉडेलही निघालं. मग २०१६ मध्ये प्रागने आपल्या ऐतिहासिक भागातून सेगवेला बाहेर काढलं. २०२३ मध्ये पॅरिसच्या लोकांनी मतदान करून भाड्याच्या ई-स्कूटर नाकारल्या. यातली एकही गाडी धूर सोडत नव्हती. भांडण होतं जागेचं. ज्या वाटेवर लोक निवांत चालत होते, तिथे त्यांना सारखं मागे वळून बघावं लागत होतं. माथेरानच्या वाटेवर तर माणसांबरोबर घोडेही चालतात. मागून आवाज न करता येणारी गाडी घोड्याला कशी वाटेल, हे आमच्या प्लॅनमध्ये कुठल्याच स्लाइडवर नव्हतं. शिवाय नवशिका पर्यटक, सुटी माती आणि बाजूला दरी! बिझनेस प्लॅनमध्ये 'रिस्क' या रकान्यात आम्ही फक्त 'पावसाळा' लिहिलं होतं.

आणखी एक मुद्दा, आणि तो अगदी आपल्या धंद्यातला आहे. गाडी आली की लगेच मागणी येते, रस्ता चांगला करा, पेव्हर ब्लॉक टाका. पुन्हा आकडे घेऊ. भारतातल्या नियमाप्रमाणे ई-रिक्षाची मोटर जास्तीत जास्त दोन हजार वॅटची, वेगमर्यादा ताशी पंचवीस किलोमीटर, चालक सोडून चार माणसं. भरलेली गाडी सातशे किलोची धरू. मघाच्याच चढावर, मघाच्याच मातीत, लॉसेस सोडले तर ती ताशी सातच्या वेगाने चढेल. आता ब्लॉक टाका, विरोध पाच टक्क्यांवरून दीड टक्क्यावर येईल. वेग होईल नऊ! कारण खरा शत्रू चढ आहे, माती नाही, आणि चढ काही ब्लॉकने सपाट होत नाही. दोन किलोमीटरच्या वेगासाठी सगळ्या जंगलाला फरशी घालायची का?

मुख्य रस्त्याचं मला कळतं. आजारी माणूस, शाळेत जाणारी मुलं, व्हीलचेअरवरच्या आजी यांना धक्के का द्यायचे? न्यायालयानेही दस्तुरी नाका ते शिवाजी महाराजांचा पुतळा एवढ्या रस्त्यावर ब्लॉकना परवानगी दिली, आतल्या वाटांवर नाही. ही रेघ मला बरोबर वाटते. आतल्या वाटांसाठी रस्ता बदलायचा नाही, गाडी बदलायची. रुंद टायर, खालच्या वेगाला भरपूर टॉर्क देणारा गिअर, खाली धरलेला गुरुत्वमध्य, चढावर थांबलं तर मागे न घसरणारी व्यवस्था. उतारावर रिजनरेटिव्ह ब्रेकिंग, पण बॅटरी वर गावातच फुल चार्ज करून निघालात तर ती ऊर्जा ठेवायला जागाच नसते, म्हणून साधा ब्रेक भक्कम हवा. सपाट शहरासाठी बनवलेली गाडी डोंगरावर नेऊन 'चालत नाही' म्हणून डोंगराला नावं ठेवणं हे इंजिनीअरिंग नव्हे!

आता शेवटचा आणि सगळ्यात अवघड हिशेब. माथेरानमध्ये हातरिक्षांचे परवाने चौऱ्याण्णव. एका रिक्षेला तीन माणसं. गुणाकार तुम्हीच करा. ई-रिक्षेला लागतो एक चालक. मग पुढचे काका हँडलवर बसले, तर मागून ढकलणाऱ्या दोघांनी काय करायचं? पुनर्वसन म्हणताना आपण पुढच्या माणसाचा विचार करतो, मागच्यांचा चेहरा तर प्रवाशालाही दिसत नाही.

माझ्या मते उत्तर आमच्याच फसलेल्या प्लॅनमध्ये आहे. गाइड! माथेरानात बघायला येणाऱ्याला खरी गरज गाइडची आहे. शेकरू कुठल्या झाडावर, कुठल्या कड्याला रेलिंग नाही, कुठला पॉइंट सकाळचा आणि कुठला संध्याकाळचा, हे त्या तिघांना पाठ आहे. गाडी एकाने चालवावी. बाकीच्यांनी पॉइंटवर आणि पायवाटांवर लोकांना फिरवावं. तिकिटातच गाइडचे पैसे धरावेत, म्हणजे टिपेसाठी हात पुढे करावा लागणार नाही. घोडेवाल्यांना या चर्चेत पहिल्या दिवसापासून बसवावं. त्यांचीही पोटं त्याच वाटेवर चालतात. आणि पर्यटकाने स्वतः गाडी हाकायचीच असेल, तर त्यासाठी महाराष्ट्रात इतर रस्ते पुष्कळ आहेत.

हे सगळं मी एमडीला सांगितलं. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी आला आणि म्हणाला, "मग आपण काय करायचं? नुसते हात वर?" मी म्हटलं, "नाही. गाड्या त्यांच्या, डिझाइन आणि दुरुस्ती आपली." प्लॅनमधला 'आमच्या मालकीच्या चाळीस गाड्या' हा भाग खोडला, आणि गावातच एक वर्कशॉप, गावच्याच मुलांना मोटर-कंट्रोलरची दुरुस्ती शिकवणं, असा भाग घातला. दुसऱ्या फेरीत आम्ही बाहेर पडलो. परीक्षकांनी विचारलं, "यात तुमचा नफा कुठे आहे?" एमडीने तोंडातल्या तोंडात काहीतरी सांगितलं. मला तेव्हा उत्तर सुचलं नाही.

आता सुचलंय. ज्युनिअर मित्रांनो, फायनल इयरला प्रोजेक्टचा विषय शोधताना दरवर्षी तीच लाइन फॉलोअर आणि तीच ऑटोमॅटिक बागेची नळी काढण्यापेक्षा हा विषय घ्या. चढ, माती, पाऊस आणि चालवणारा पन्नाशीचा माणूस, असा प्रॉब्लेम स्टेटमेंट कुठल्या पुस्तकात मिळणार नाही. सरांनाही विनंती, आम्हाला एकदा दस्तुरी नाक्यापर्यंत घेऊन चला, पुढे आम्ही चालतो.

आणि टेस्टिंग कसं करायचं, तेही सांगतो. गाडी बनवा, काकांना चालवायला द्या, आणि तुम्ही मागे बसा. चढावर त्यांचं बोलणं थांबलं नाही, तर समजा प्रोजेक्ट पास.