दिवे जमिनीकडे वळवा

वैशाखात मध्यरात्रीनंतर मी मुळा धरणाच्या बाजूला कॅमेरा लावतो. आकाशगंगेचं केंद्र धनू राशीत आहे. राहुरीहून ते दक्षिणेला ४० अंशांहून वर चढतं, लंडनहून जेमतेम दहा. हे भाग्य आपल्या अक्षांशाचं, महागड्या भिंगाचं नव्हे. ट्रायपॉड, साधी १८ मिमीची लेन्स आणि वीसेक सेकंदांचं एक्स्पोजर पुरतं. त्याहून फार लांबवलं, की पृथ्वीच्या फिरण्यामुळे ताऱ्यांच्या रेघा होतात.

पण नगर-मनमाड रस्त्याच्या दिशेला, वर फेकल्या जाणाऱ्या दिव्यांच्या उजेडाने, फोटोत पांढुरका पट्टा उमटतो. त्यात बुडालेले मंद तारे संगणकावर कितीही खटपट केली तरी परत मिळत नाहीत.

रस्ते काळोखे ठेवा, असं मी म्हणत नाही. रात्रपाळीच्या विजेवर उसाला पाणी द्यायला जाणाऱ्याला बिबट्याची धास्ती असते. त्याला उजेड हवाच. तो त्याच्या पायापाशी पडावा, ढगांवर नव्हे. नागपूरजवळच्या पेंचला २०२४ च्या जानेवारीत देशातल्या पहिल्या ‘डार्क स्काय पार्क’चा मान मिळाला, त्याआधी भोवतीच्या गावांत प्रकाश खाली टाकणारे दिवे बसवले गेले. राहुरी नगरपरिषदेने पुढच्या दिवेखरेदीच्या निविदेत उजेड वर जाऊ न देणाऱ्या झाकणाची अट घालावी.