गोधडीचा कच्चा टाका आणि कारागिराचे गुडघे

हिवरे बाजारचे नाव आपल्या वाचकांना नवे नाही. नगर तालुक्यातील (जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर) हे गाव १९७२ च्या दुष्काळानंतर उजाड होत गेले आणि १९८९-९० पासून पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने कुऱ्हाडबंदी, चराईबंदी व श्रमदान यांच्या बळावर पुन्हा उभे राहिले. पवारांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. आम्हा कापडवाल्यांना त्या गावची एक गोष्ट विशेष पटते. तेथे ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात. पाऊस किती झाला, त्यावर कोणते पीक निघेल, हे पाहून पेरणी ठरते. जी वस्तू फुकट समजून उपसली जात होती, ती हिशेबात आली.

आमच्या धंद्यातही एक वस्तू अशीच फुकट उपसली जाते. गोधडी शिवणाऱ्या बाईचे गुडघे!

नगर जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांत गोधडी पूर्वी घरच्यासाठी होत असे. जुन्या सुती साड्या, धोतरे, चादरी यांचे थर, आणि त्यावर धावदोरा. आता ती प्रदर्शनांत आणि मोठ्या दुकानांत विकली जाते. कापड व्यापारी देतो, बाई घरी शिवते, मजुरी नगावर. आपल्या मोहल्ल्यांतील कितीतरी घरे या कामावर आहेत. आमचे पिंजारी-मन्सुरी भाई गाद्या व लिहाफ भरतात, त्यांचीही बैठक जमिनीवरच.

या कामात सर्वांत जाच धावदोऱ्याचा नाही. तो मांडीवर घेऊन, बाजेवर बसून घालता येतो. जाच आहे त्याआधीच्या कच्च्या टाक्याचा, ज्याला आपले उर्दू बोलणारे कारागीर लंगर घालणे म्हणतात. अस्तर, मधले थर आणि वरचा पदर सरकू नयेत म्हणून चार-चार बोटांवर लांब टाके घालून सगळे एकजीव करायचे. पाच फूट रुंद, साडेसात फूट लांब पसारा. बाई फरशीवर गुडघे टेकते, ओणवी होते, सरकते, पुन्हा ओणवी होते. बंगालची कांथाही अशीच जमिनीवर अंथरून टाचतात. म्हणजे रीत जुनी आहे, पण जुनी म्हणून ती चांगली ठरत नाही.

गुडघा गेला की नमाज खुर्चीवर येते. शरीअतने आजाऱ्याला ती सवलत दिली आहे. पण चाळिशीतल्या बाईला ती घ्यावी लागावी, आणि तीही आपला माल तयार करता करता, याचा जाब व्यापाऱ्याने स्वतःला विचारावा.

शिवाय यात मालाचेही नुकसान आहे. जो गोधडीवर गुडघा टेकतो तो खालचा थर ओढतो. मग मागच्या बाजूला चुण्या पडतात, गिऱ्हाईक नग परत करते, आणि मजुरी कोणाची कापली जाते ते सर्वांना ठाऊक आहे.

उपाय साधा आहे. आठ बाय चार फुटांची प्लायवूडची फळी दोन लाकडी घोड्यांवर ठेवावी. उंची ३४ ते ३६ इंच, म्हणजे उभ्या बाईच्या कोपराच्या जरा खाली. घरातले जेवणाचे टेबल २९-३० इंची असते, त्यावर वाकावेच लागते. त्याच्या पायांखाली पक्के ठोकळे द्यावेत, डगमगता कामा नये. अस्तर उलटे अंथरून कडेला चिमट्यांनी धरावे. ताठ असावे, पण ताणू नये. ताणलेले अस्तर चिमटा सोडताच आखडते. फळीच्या मधोमध काडेपेटीची काडी चिकटवली तर कापडाखालून बोटाला मध्य लागतो. टाके मध्यापासून कडेकडे घालावेत.

दुसरी रीत आमच्या दुकानदारांच्या हातातली आहे. ताग्याच्या आतली पुठ्ठ्याची नळी आपण रद्दीत टाकतो. एका नळीवर अस्तर, दुसरीवर वरचा पदर गुंडाळावा. दोन्ही टेबलावर हात-दीड हात उलगडून मधले थर आत घालावेत, टाचावे, झालेला भाग आपल्याकडे ओढावा. या रीतीने लहान टेबलही पुरते. नळी मात्र मोठ्या पन्ह्याच्या ताग्याची बघावी, ४४ इंची पन्ह्याची तोकडी पडते. कापसाच्या जाड लिहाफाला ही रीत चालत नाही, तो नळीवर गुंडाळला जात नाही. त्याला फळीच हवी.

परदेशात थर चिकटवायला फवाऱ्याचा गोंद वापरतात. खिडकी नसलेल्या खोलीत तो आम्ही कोणाला सुचवणार नाही. गुडघे वाचवून फुप्फुसे घालवायची नाहीत.

आता कोणी म्हणेल, दहा बाय दहाच्या खोलीत फळी ठेवायची कुठे? बरोबर आहे. पण फळी लागते ती फक्त कच्च्या टाक्यापुरती. पुढचे कित्येक दिवसांचे काम घरी होते. तेव्हा एका मोहल्ल्यात एक फळी पुरे. व्यापाऱ्याच्या गोदामाचा एक कोपरा, नाहीतर शाळेची सुटीच्या दिवशीची खोली. बायांनी पाळीने यावे, टाचून घेऊन जावे. काम झाले की फळी भिंतीला उभी.

खर्च कोणी करावा? सरकारच्या भरवशावर थांबू नये. २०२३ साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत आहे, पण तिच्या १८ धंद्यांच्या यादीत दर्जी आहे, पिंजारी नाही, गोधडीवाली नाही. जमातींनी आणि कारागीर संघटनांनी ही मागणी लावून धरावी, ती रास्त आहे. तोवर फळी आणि घोडे माल देणाऱ्याने द्यावेत. मशीनवाला कारखानदार टेबलाचे भाडे कारागिराकडून घेत नाही, आपणही घेऊ नये. फळीचा खर्च दुकानाच्या वहीत तराजू आणि गज यांच्या रकान्यात लिहावा, मजुरीच्या रकान्यात नव्हे.