साखर सांगणारं घड्याळ

मे महिन्यात लालबागला मावशीकडे गेले, तर दारातच तिनं मनगट पुढं केलं. "बघ, माझी साखर ११२!" हिरव्या बांगड्यांच्या वर काळं चौकोनी घड्याळ. नातवानं ऑनलाइन मागवलेलं, दीड हजाराच्या आतलं. वेळ दाखवतं, पावलं मोजतं, झोप मोजतं, रक्तदाब सांगतं आणि बोटाला न टोचता साखरसुद्धा सांगतं, असं खोक्यावरच छापलेलं. मावशी भलतीच खूश. उपाशीपोटी लॅबमध्ये जायचं, रांगेत बसायचं, सुई टोचून घ्यायची, ते सगळं सुटलं म्हणाली.

सुटलं म्हणजे खरोखरच सुटलं होतं. चार महिन्यांत तिनं एकदाही रक्त तपासलं नव्हतं. आंब्याचे दिवस होते, रोज फोडी चालल्या होत्या आणि घड्याळ काही ११५ च्या वर जायला तयार नव्हतं. मग रात्रीची गोळी आधी अर्धी झाली आणि पुढं बंदच. कुणाला विचारलं नाही. विचारायचं कशाला, घड्याळ सांगतच होतं की!

जुलैत पायाच्या अंगठ्याची जखम भरेना म्हणून वहिनी तिला डॉक्टरांकडे घेऊन गेली. उपाशीपोटीची साखर निघाली २८०. त्याच वेळी मनगटावर आकडा होता ११४. जखम आणखी पंधरा दिवस अंगावर काढली असती तर काय झालं असतं, हे डॉक्टरांनी तिला नाही, वहिनीला बाजूला घेऊन सांगितलं.

ते घड्याळ मी दोन दिवस मागून आणलं. माझ्या मनगटावर बांधून पाहिलं, साखर १०८. जेवून पुन्हा पाहिलं, १११. मग एक आगाऊपणा केला. फ्रिजमधली चांगली जाड काकडी काढून तिला पट्टा बांधला. क्षणभर हिरवा दिवा लुकलुकला आणि आकडे आले. नाडी ७४, रक्तदाब ११८/७६, साखर १०९. काकडीची तब्येत अगदी उत्तम होती!

हसू आलं, पण नंतर रागही आला. कारण मनगटावरच्या या दिव्यानं रक्तातली साखर मोजताच येत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं फेब्रुवारी २०२४ मध्ये लोकांना तसा जाहीर इशाराच दिला होता: त्वचेला न टोचता साखर मोजतो म्हणणारं कुठलंही घड्याळ किंवा अंगठी आपण मान्य केलेली नाही, त्यावर विसंबून औषध घेऊ नका. दंडावर चिकटवायचं एक यंत्र मिळतं, ते खरं. पण त्यालाही बारीक सुईसारखी तार असते, ती त्वचेखाली जाते आणि ते असं दीड हजारात चार वर्षं पुरत नाही. बाकी साखर पाहायची तर बोटाला टोचून, नाहीतर लॅबमध्ये. आणि रक्तदाब? दंडाला पट्टा बांधून, पाच मिनिटं शांत बसून घेतलेला तोच खरा.

मैत्रिणींनो, हे मुंबईचं प्रकरण म्हणून सोडून देऊ नका. दादर स्टेशनबाहेर पथारीवर मिळणारं घड्याळ आता चोपड्याला, उदगीरला, कणकवलीलाही कुरियरनं दारात येतं. आणि साखर काही पिन कोड बघून येत नाही. मुंबई महापालिकेनं २०२१ मध्ये केलेल्या पाहणीत १८ ते ६९ वयाच्या लोकांमध्ये सुमारे ३४ टक्क्यांना उच्च रक्तदाब आणि १८ टक्क्यांची उपाशीपोटीची साखर वाढलेली आढळली. देशाचा हिशेब २०२३ मध्ये जाहीर झाला, तो १० कोटींहून अधिक मधुमेहींचा. त्यात आपल्या घरातलं कुणी ना कुणी असणारच.

मग ही घड्याळं सगळीच फसवी का? तसं नाही. पावलं आणि नाडी ती मोजतात, चांगल्या कंपनीची बऱ्यापैकी मोजतात. आतला हिरवा दिवा त्वचेवर प्रकाश टाकतो, रक्ताच्या प्रत्येक ठोक्यासरशी परत येणारा प्रकाश कमीजास्त होतो, त्यावरून नाडी. आणि हाताच्या हेलकाव्यावरून पावलं. आता गंमत बघा. आपल्या आज्यांच्या हातावर गोंदण असे, तिथं हा प्रकाश अडखळतो. मनगटभर बांगड्या असल्या की पट्टा नीट टेकत नाही. आणि पावलं हाताच्या हेलकाव्यावर, म्हणजे कडेवर हंडा घेऊन जिना चढा, हात हलत नाही, पावलं कमी पडतात. ओट्याशी उभं राहून वीस पोळ्या लाटा, पावलं मोजली जाऊ शकतात! मावशीनं उन्हाळ्यात शेजारणींबरोबर पाच किलो मिरच्यांची देठं खुडली, त्या दिवशी तर म्हणे ती परळपर्यंत जाऊन आली होती, बसल्या जागेवरून.

बाईच्या दिवसाचं माप या यंत्राला नीट कळत नाही ते असं. कागदावरचं माप मात्र आहे. सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, आणि पुरुष ८८ मिनिटं. या २८९ मिनिटांत वाकणं, उचलणं, उभं राहणं सगळं आलं. तरी संध्याकाळी घड्याळ कुरकुरतं, आज तुमची पावलं अपुरी आहेत.

आणि दहा हजारच का? तर १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर चालण्याची हौस वाढली, तेव्हा १९६५ मध्ये एका जपानी कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं. त्याचं नावच 'दहा हजार पावलांचं माप' अशा अर्थाचं. आकडा जाहिरातीचा, तो आपण वैद्यकीय समजून बसलो. अमेरिकेत सरासरी ७२ वर्षं वयाच्या सोळा हजारांहून जास्त बायकांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिवसाला २७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४४०० चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं, आणि साडेसात हजारांच्या पुढं फारसा फरक उरला नाही. तेव्हा दहा हजार झाली नाहीत म्हणून रात्री अकराला अंगणात येरझाऱ्या घालायचं कारण नाही.

खरं तर मावशीला आयुष्यभर पावलं मोजावी लागलीच नाहीत. लालबागच्या चाळीत तिसरा मजला, पहाटे नळाला पाणी, गॅलरीच्या टोकाला संडास. १९८२ चा गिरणी संप झाला, काकांचा पगार थांबला, तेव्हा ती घरी मसाला करून दारोदार विकायची. तेव्हा कोण मोजत होतं? आता चाळीच्या जागी टॉवर आहे. सतराव्या मजल्यावर लिफ्ट, घरातच नळ, घरातच संडास. ही सुखं तिला मिळायलाच हवी होती, उशिराच मिळाली. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या इमारतीतल्या घरांच्या चाव्या मिळाल्या, १६० चौरस फुटांच्या खोलीत जन्म काढलेली माणसं ती. त्यांच्या आनंदाला कोण नावं ठेवील? फक्त जिना आणि गॅलरी गेली, शेजारणीच्या दारात जाणं गेलं, त्याबरोबर न कळत होणारं चालणंही गेलं. ते आता वेगळं काढून करावं लागतं.

आणि इथं त्या घड्याळाचा मला पटलेला एक उपयोग सांगते. संध्याकाळी सहाला मावशी चपला घालते. पूर्वी "कुठं निघालीस?" असं घरातलं कुणीही विचारायचं. आता ती मनगट दाखवून म्हणते, "माझी पावलं व्हायचीत." कुणी काही बोलत नाही. दादरला शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती फेऱ्या मारणाऱ्या बायकांना हे सांगावं लागत नाही, तिथं चालणं रूढच आहे. पण लहान गावात चाळिशीची बाई काही काम नसताना एकटी रस्त्यानं चालायला लागली की दहा नजरा वळतात. अशा वेळी यंत्राचा हवाला चालत असेल, तर घ्यावा की खुशाल!

पण आपल्याला जे मोजायला हवं, ते यात नाही, हेही ध्यानात ठेवू या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय होता. निम्म्याहून जास्त! दम लागणं, डोळ्यांपुढं अंधारी येणं आपण "कामाचा शीण" म्हणून अंगावर काढतो. हिमोग्लोबिन या घड्याळाला दिसत नाही. ते प्राथमिक आरोग्य केंद्रात दिसतं, रक्ताच्या थेंबात. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकीची साखर आणि रक्तदाब तपासण्याची सरकारी योजनाही तिथंच आहे. आशाताई घरी अर्ज भरायला येते तेव्हा "मला काही नाही झालं" म्हणून तिला परत पाठवू नका.

पाळीच्या तारखा ठेवणारी अ‍ॅप हल्ली मुलींच्या फोनमध्ये असतात. तारीख विसरत नाही, सोय आहे. पण अशाच एका मोठ्या परदेशी अ‍ॅपनं, खासगी ठेवू म्हणून सांगूनही, बायकांची माहिती दुसऱ्या कंपन्यांना दिल्याचा आरोप अमेरिकेच्या व्यापार आयोगानं केला आणि २०२१ मध्ये त्या कंपनीला तडजोड करावी लागली. आपल्याकडे तर त्याहून जवळची अडचण आहे. घरातला फोन बहुधा एकटीचा नसतोच. लेकीनं भरलेल्या तारखा भाऊ, वडील, उद्या सासरचे, कुणीही उघडून पाहू शकतं. त्यापेक्षा कपाटाच्या दाराआत पेन्सिलीनं केलेली खूण बरी, असं माझं जुनाट मत.

मावशीची जखम गणपतीच्या आधी भरली. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या आहेत. घड्याळ तिनं टाकलं नाही, नातवाचं मन राखायला आणि संध्याकाळच्या फेरीला ते हातात असतंच. साखरेचा आकडा दिसणारं पान मात्र नातवानं बंद करून दिलं. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, दर सोमवारी ती एक आकडा लिहिते. परवा फोन केला तेव्हा मी विचारायच्या आत म्हणाली, "१३७. टोचून हं!"