जांभळ्याचं पांढरं झालं, त्याची गोष्ट

आमच्या आयटीत कुठलीही नवी कल्पना मांडली की पहिला प्रश्न ठरलेला: "याचा उपयोग काय?" क्लायंटच्या पैशांवर पगार चालतो, तेव्हा हा प्रश्न रास्तच. पण हीच फूटपट्टी घेऊन मंडळी मूलभूत संशोधन मोजायला लागली की डोकं फिरतं.

एका फुलाचं उदाहरण देतो. कॅलिफोर्नियातल्या एका कंपनीत कॅरोलिन नॅपोली, रिच जॉर्गेनसन आणि सहकाऱ्यांनी जांभळ्या पेटुनियात रंग बनवणाऱ्या जीनची एक जादा प्रत घातली. जीन जास्त तर रंग गडद, इतका सरळ हिशोब! झालं भलतंच. बऱ्याच रोपांना पांढरी किंवा पांढऱ्या पट्ट्यांची फुलं आली. नवी प्रत तर गप्प झालीच, झाडाची मूळचीही गप्प झाली. उपयोगाच्या हिशोबाने प्रोजेक्ट फेल. त्यांनी मात्र १९९० मध्ये तो निकाल जसाच्या तसा छापला.

हे गप्प बसवतं कोण? १९९९ मध्ये इंग्लंडमध्ये अँड्र्यू हॅमिल्टन आणि डेव्हिड बॉलकोम यांना अशा झाडांत आरएनएचे चिमुकले तुकडे सापडले. झाडाला दुहेरी धाग्याचा आरएनए दिसला की डायसरसारखी प्रथिनं त्याचे २१ ते २४ अक्षरांचे तुकडे करतात. अर्गोनॉट नावाचं प्रथिन त्यातला एक तुकडा नमुना म्हणून हातात धरतं आणि त्याच्याशी जुळणारा संदेश दिसला की कापून टाकतं. पुष्कळ वनस्पती-विषाणूंचं सगळं भांडवल आरएनएच असल्यामुळे झाडाचा हा अँटीव्हायरसच झाला. त्याची सिग्नेचर विषाणूच पुरवतो! पान कधी, फूल कधी, हे ठरवण्यातही अशाच छोट्या आरएनएंचा हात असतो.

आता उपयोग. हवाईत रिंगस्पॉट विषाणूने पपईच्या बागा उठवल्या, तेव्हा १९९८ मध्ये शेतकऱ्यांच्या हाती पडलेली 'रेनबो' पपई याच यंत्रणेच्या जोरावर तगली. हाच विषाणू आपल्याकडच्या पपईवाल्यांनाही छळतो. आणि २०१८ मध्ये अमेरिकेत पॅटिसिरान या औषधाला मान्यता मिळाली. माणसाचा एक जीन गप्प करणारं, याच तत्त्वावरचं ते पहिलं औषध.

फूल पांढरं झालं तेव्हा यातलं काहीही कुणाला प्रेझेंटेशनमध्ये दाखवता आलं नसतं. पैसा मोजकाच असतो, हिशोब हवाच, मान्य. पण कामाची पद्धत चोख आहे का, निकाल प्रामाणिकपणे मांडलाय का, हे आधी विचारा की! उपयोगाच्या उत्तराला पंचवीस-तीस वर्षं लागू शकतात. ते पुढच्या क्वार्टरमध्ये मागून कसं चालेल?